हेटीचे चार सेकंद

शनिवारी दुपारच्या खेळाला विल्फ्रेड ऑर्मरॉड थिएटरच्या दारात आला, तेव्हा बॅटरी घेऊन उभ्या असलेल्या बेरिलने त्याचे तिकीट फाडले नाही. तसेच त्याच्या हातात परत ठेवले.

"राहू द्या तुमच्याकडे. सहा दिवसांत सहा तिकिटं! फाडायची आता मलाच लाज वाटते. आणि ऐका, हा शेवटचा खेळ हं. संध्याकाळी रिळं गाडीनं पुढच्या गावाला चाललीत. सोमवारपासून काउबॉयचा सिनेमा."

"ठाऊक आहे मला."

"काल तरी दिसल्या का मिसेस ऑर्मरॉड?"

"काल पुन्हा ती बट," विल्फ्रेड म्हणाला आणि आठव्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर जाऊन बसला.

चित्रपट विनोदी होता. केशरचनेच्या स्पर्धेपायी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन केशभूषाकारांची ती गोष्ट गेल्या उन्हाळ्यात बर्नलीतल्याच एका नाचघरात चित्रित झाली होती, आणि निम्मे गाव तीत गर्दी म्हणून उभे राहिले होते. अंतिम फेरीत, परीक्षकांसमोर ओळीने बसलेल्या बायकांवरून कॅमेरा सरकत जातो. त्यांतली तिसरी हेटी, विल्फ्रेडची बायको. विल्फ्रेड स्वतः केशभूषाकार; तिचे केस त्याच्याच हातचे होते. ती चार सेकंद दिसते. फेब्रुवारीत ती वारली. घरी तिची छायाचित्रे होती. परंतु छायाचित्रात पापणी हलत नाही, आणि विल्फ्रेडला ती हलताना पाहायची होती.

पाच दिवसांत ते साधले नव्हते. पडद्यावर हेटी येई, आणि त्याची नजर एकतीस वर्षे जिथे आधी जात आली तिथेच जाई, केसांवर. डाव्या कानामागची एक बट सुटून खाली लोंबत होती. पिन बोटभर वर हवी होती, असे त्याच्या मनात येई. आणि तेवढे मनात येईतो कॅमेरा चौथ्या बाईवर गेलेला असे.

दिवे मंद झाले. बेरिल त्याच्या खुर्चीशी येऊन वाकली.

"मिस्टर ऑर्मरॉड, असं करा ना. हात पुढं धरा. असा, आडवा. वरचं सगळं झाकून टाका. केसच दिसले नाहीत, तर नजर जाईल कुठं?"

"लोक काय म्हणतील, पोरी?"

"लोक? ते स्वतःलाच शोधतायत. तुमच्याकडं बघायला सवड कुणाला आहे!"

युक्तिवादात खोट काढण्यासारखे काही नव्हते. जाहिराती चालू असताना विल्फ्रेडने सराव केला. एक डोळा मिटून डावा हात ताठ पुढे धरला, की साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचे केस भुवयांपर्यंत नाहीसे होत आणि चेहरा तेवढा उरे. तीनदा करून पाहिले. तिन्ही वेळा जमले.

चित्रपट सुरू झाला. मागच्या रांगेत खाटीक क्लेग आणि त्याची बायको बसली होती.

"ती बघा, ती बघा माझी टोपी!"

"ती टोपी होय? मला वाटलं, नाचघराची कुंडी."

"आणि ते दारात अडकलंय ते तुमचं पोट. तोंड आत मावलंच नाही वाटतं!"

आसपासचे लोक खिदळले. विल्फ्रेडची नजर पडद्यावरून हलली नाही.

अंतिम फेरी आली. वाद्यवृंद वाजू लागला. पुढे काय होणार ते ज्यांनी आधी पाहिले होते, ते आतापासूनच हसू दाबत होते. पहिली बाई आली. विल्फ्रेडने एक डोळा मिटला आणि हात उचलला. दुसरी बाई आली. हात नेमक्या उंचीवर स्थिर झाला.

हेटी आली.

तळहाताखाली तिच्या भुवया उमटल्या. आणि त्याच क्षणी, जिथवर हात पोहोचला नव्हता तिथे, कानाच्या पाळीखाली, ती बट हलली.

त्याचा उजवा हात मांडीवरून उठला आणि हवेत, नसलेल्या केसांच्या फवाऱ्याच्या बाटलीभोवती वळला. डावा तळहात सरकन खाली उतरला आणि हेटीचे डोळे झाकले गेले. फवारा मारताना डोळ्यांत थेंब उडू नये, म्हणून केशभूषाकार बाईच्या चेहऱ्यावर हात आडवा धरतो. हात ते कुणाला विचारून करीत नाहीत.

पडद्यावर नाचघरातल्या पंख्याच्या वाऱ्याने मुख्य परीक्षकाच्या डोक्यावरचा टोप उडाला आणि वाद्यवृंदातल्या कर्ण्यात जाऊन अडकला. सारे थिएटर हसून लोटपोट झाले. क्लेगची बायको नवऱ्याच्या दंडावर थापा मारीत होती.

आठव्या रांगेत, फवारा वाळेपर्यंत थांबावे तसा, विल्फ्रेड हात आडवा धरून बसून राहिला.