नळावरचे शब्द

"पास?"

"पास कसला मागतेस? मी बजरंगची आई," बायडाबाई म्हणाल्या.

छातीवर बिल्ला लावलेली मुलगी गालात हसली. "अहो आजी, सकाळपासून दादांच्या तीन मावश्या आणि दोन आत्या येऊन गेल्या. आईच तेवढी राहिली होती."

"मग आली ना आता? हो बाजूला."

मुलीने काय विचार केला कोण जाणे, शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची दिली. "इथे बसा. आणि दादांसमोर हे असलं बोलू नका हं."

बायडाबाईंनी पदराने खुर्ची पुसली. पुढे सोफ्यांवर नुसत्या नावांच्या चिठ्ठ्या बसल्या होत्या. माणसाआधी चिठ्ठीला मान, हे शनिवार पेठेतल्या असल्या सभागृहांतच चालायचं.

बजरंगने येऊ नको म्हणून बजावलं होतं. "गर्दी असते आई, तुला दम लागतो." तो राहणार कर्वेनगरला, बायडाबाई बिबवेवाडीत चौथ्या मजल्यावर. महिना महिना फिरकायचा नाही. रेडिओवर त्याचा कार्यक्रम असायचा, तर घरातला रेडिओ त्यानेच दुरुस्तीला नेला, तो दोन वर्षं तिकडेच. मालिकेत इन्स्पेक्टर झाला, तेवढा मात्र त्यांनी डोळे भरून पाहिला. बिल्डिंगमधल्या बायकांना सांगितलं, हा माझा मुलगा, तर त्या एकमेकींकडे बघायच्या. एकीने तर पाठीवरून हात फिरवला होता.

गेल्या महिन्यात आला, चहाही घेतला नाही. भिंतीवरचा त्यांचा तरुणपणचा फोटो काढला. "मोठा करून आणतो." भिंतीवर पांढरा चौकोन राहिला.

बायडाबाई आल्या होत्या त्या एका शब्दासाठी. पंचवीस वर्षांपूर्वी त्याचं पहिलं रॅप गाजलं, 'हंडा सरकव'. ते सगळं त्यांचं नळावरचं भांडण, ओळन् ओळ. लहानपणी बजरंग कोपऱ्यात बसून ते वहीत उतरवायचा. "मोठा पुरस्कार मिळेल ना आई, त्या दिवशी भर सभेत सांगेन, शब्द कुणाचे ते." आज तो पुरस्कार होता. बायडाबाईंची शाळा दुसरीत सुटली होती, पण तोंड उघडलं की चाळ गप्प व्हायची.

कार्यक्रमात आधी वस्तीतल्या मुलांनी तेच रॅप म्हटलं. बजरंग त्यांना फुकट शिकवायचा.

"ताल बरा आहे," बायडाबाई शेजारच्या खुर्चीतल्या बाईला म्हणाल्या, "पण भांडता येत नाही मेल्यांना."

शेजारीण तोंडाला रुमाल लावून हसली.

मग बजरंग उभा राहिला. दाढी पिकलेली, खांद्यावर शाल, डोक्यावर पगडी. मान अजून तशीच तिरकी.

"टाळ्या मला नकोत," तो म्हणाला. "गाणी केली, पडद्यावर आलो, रेडिओवर बडबडलो, पण पोट भरलं ते त्या पहिल्या गाण्याने. आणि त्यातला एक शब्दही माझा नाही. सगळे माझ्या आईचे. बायडाबाईंचे."

सभागृह दणाणलं. पाळलं पोराने! बायडाबाईंनी पदर सारखा केला, चपलांत पाय सरकवले आणि मधल्या वाटेने स्टेजकडे निघाल्या. टाळ्यांच्या नादात कुणी अडवलं नाही.

अर्ध्या वाटेवर बजरंगने त्यांना पाहिलं.

नजरेला नजर भिडली. बायडाबाई हसल्या. त्याने नजर काढून घेतली आणि पडदेवाल्याला खूण केली.

पडदा सरकला. मागे पुरुषभर उंचीचा तोच फोटो होता. त्याला चंदनाचा हार, पुढ्यात समई. सगळं सभागृह उठून उभं राहिलं.

बिल्लेवाली मुलगी धावत आली. तिने बायडाबाईंचं कोपर धरलं आणि कानाशी हळूच म्हणाली, "आजी, पुढे नका जाऊ. दोन मिनिटं शांत उभ्या राहा. त्यांची आई गेली, तेव्हा दादा फक्त अकरा वर्षांचे होते."