रंगाखालचा आक्रोड

जोलीननं ॲसिटोनमध्ये बुडवलेली चिंधी रायफलच्या दस्त्यावर टेकवली, तसा वरचा पांढरा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला.

"निघतोय का?" तिच्या बापानं, मेरिलनं विचारलं. तो पिकअपच्या मागच्या फळीवर डोंगराकडं तोंड करून, पाठ फिरवून बसला होता. अस्वलाला न भ्यालेला म्हातारा या चिंधीला भ्याला होता.

"निघतोय. खाली लाकूड धड उरलंय की नाही, देव जाणे."

दस्ता आक्रोडाचा. तिच्या आईच्या वडिलांनी हातानं घडवलेला. शिकारीत चमकू नये म्हणून जावयानं, म्हणजे मेरिलनं, त्यावर रंग फवारला, आणि मग हंगामामागून हंगाम त्या त्या ऋतूचा रंग फवारतच राहिला. आता रायफल जोलीनकडं यायची होती. तिला आजोबांचं लाकूड हवं होतं.

"आजोबांनी बघितलं असतं ना, तर पहिली गोळी तुलाच घातली असती."

"नेम कच्चा होता त्यांचा. नाहीतर मी जावई झालो असतो होय?"

हिवाळ्याचा पांढरा गेला. खालून पानगळीचा मातकट वर आला, त्यावर झुडपांच्या पानांच्या सावल्या. तोही गेला. वसंतातला हिरवा आला, गेला. ऋतू उलटे चालले होते.

मग तिचा हात थांबला.

सगळ्यात तळाच्या रंगात गवताच्या काड्या होत्या. लांब, जराशा कललेल्या, तुऱ्यांसकट. आणि त्या काड्या रंगवलेल्या नव्हत्या. तांबूस, तपकिरी, आतून उजळलेल्या. आक्रोडच होता तो, गवत होऊन उभा.

"बाबा, याला अस्तर नाहीये."

"नाहीच. आधी रंगाचा सबंध एक हात मारायचा असतो, मग गवत ठेवून वरून फवारायचं. विसरलो. तुझी आई बोलत होती."

"काय बोलत होती?"

"कोण जाणे! वरच्या माळाचं गवत तिनंच खुडून आणलं, तिनंच दाबून धरलं. बोट रंगलं म्हणून आठवडाभर माझा उद्धार चालला होता."

वरचा माळ वणव्यात गेला, त्याला किती काळ लोटला. आता तिथं परकं गवत माजलंय, गुरं तोंड लावत नाहीत असलं. हे गवत पुन्हा उगवलंच नाही. आई त्याच्याही आधी मातीत गेली.

जोलीन खाली वाकली. काड्यांच्या देठांपाशी एका बोटाचं टोक होतं. तेही लाकडाचंच. तिला श्वास सोडायची भीती वाटली, जणू काड्या हलतील.

"थांबलीस का गं?" मेरिलचा आवाज बारीक झाला. "गेलं ना लाकूड? सांगून टाक."

"आहे."

"दिसलं?"

"दिसलं."

"किती?"

तिनं चिंधी बाजूला ठेवली. ॲसिटोनच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"गवताएवढं," ती म्हणाली. "इकडं वळ, बाबा."