मिटलेल्या पापण्यांचा देवदूत

"यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो," म्हातारा किमेंती म्हणाला आणि चवळीचा वाडगा त्याने पुढे ओढला. "पण उस्ताद नोफ्री पडले तेव्हा मी तिथंच होतो."

फियोरेत्ताने सुरई टेबलावर जवळजवळ आपटलीच. किमेंतीवर विश्वास ठेवणारं माणूस अख्ख्या प्रातो गावात उरलं नव्हतं. जन्मभर त्याने चुना भिजवला आणि थापा मारल्या. चुन्याच्या हौदात पडलेलं गाढव पांढरा घोडा होऊन बाहेर आलं, हे तो देवाशपथ सांगायचा. आणि आज तिच्या बापाची हाडं याच्या जिभेवर येऊन अडकली होती.

बावीस वर्षांपूर्वी तिचे वडील नोफ्री चर्चच्या भिंतीवर देवदूत काढत होते. दिवसभरात रंगवून होईल तेवढाच ओला गिलावा सकाळी चढवायचा, अपुरा राहिला तर संध्याकाळी खरवडायचा, ही या कामाची रीत. त्या संध्याकाळी ते परांचीखाली मरून पडलेले सापडले. वर त्या दिवसाचा गिलावा साफ खरवडलेला. मनासारखं जमलं नाही म्हणून खरवडलं आणि उडी टाकली, असं गावाने ठरवून टाकलं. जीव देणाऱ्याला पवित्र जमीन मिळत नाही. दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, कसायाच्या उकिरड्याशेजारी त्यांना पुरलं.

आज टेबलाशी बसलेले नवे पाद्री व्हेंतुरा मात्र ऐकून घेणारे होते. पाय घसरला होता असं शपथेवर सांगणारा एक जरी आणलास, तर बापाला आत घेतो, म्हणाले होते. बावीस वर्षांत एकच मिळाला, तो हा.

किमेंतीने अट घातली होती, की मानेत्तो समोर हवा, आणि तो समोरच्या बाकावर येऊन बसला होता. फियोरेत्ताच्या मनात तेव्हापासून पाल चुकचुकत होती. मानेत्तो तिच्या वडिलांचा पट्टशिष्य. नोफ्री पडले तेव्हा तो निळा रंग आणायला तीन दिवस फ्लॉरेन्सला गेला होता. परतला, ढसाढसा रडला आणि गुरूची भिंत त्यानेच पुरी केली. मिटलेल्या पापण्यांचा त्याचा देवदूत बघायला आता रोमहून माणसं येत. एवढा मोठा झाला, तरी दर उपासाला फियोरेत्ताकडे वाम मासा धाडायला चुकला नव्हता. अशा माणसाकडून या थापाड्याला काय उपटायचं होतं?

आणखी एक गोष्ट तिला खटकली. किमेंतीने दारूला हात लावला नव्हता.

तो सांगत गेला. चुन्याची घमेली वाहून पाठ मोडली म्हणून वेदीमागे आडवा झालो होतो, डोळा लागला, जाग आली तर उस्ताद परांचीवर एकटेच. मागे सरून चित्र बघायला गेले आणि पाय घसरला. यावर हवी तेवढी शपथ घेतो.

फियोरेत्ताचा श्वास मोकळा झाला. पाद्रींनी बायबल पुढे सरकवलं, पण हात त्यावरच ठेवला. "मग गिलावा कुणी खरवडला?"

"त्यांनीच की, पाद्रीबाबा. चेहराच तसा झाला होता. दोन्ही डोळे तिरळे. एक वेदीकडे, एक दाराकडे. आपल्या पाओलो न्हाव्यासारखे. उस्ताद स्वतःच पोट धरधरून हसले, खरवडून टाकलं, आणि मग घसरले."

तिला वाटलं, वाडगा उचलून याच्या डोक्यात घालावा. प्रातोतला सगळ्यात चांगला हात, आणि हा त्याचं हसं करून त्याला पवित्र जमिनीत पोचवत होता. पण एक शब्द बोलली असती, तर साक्ष गेली असती आणि उकिरडा कायमचा राहिला असता. तिने ओठ दाबले आणि मानेत्तोकडे पाहिलं.  त्याची मान लाल झाली होती.

"तिरळे? नक्की?" पाद्रींनी विचारलं.

"दोन्ही," किमेंती म्हणाला. बोलत होता पाद्रींशी, बघत होता मानेत्तोकडे. "उस्तादांचा हात तोवर गेलाच होता, बाबा. शेवटी शेवटी काही जमत नव्हतं त्यांना."

मानेत्तो ताडकन उठला. बाक मागे पडला.

"खोटं बोलतोस, म्हाताऱ्या. दोन कुठले? एकच डोळा झाला होता. आणि तसा डोळा मला अजून जमलेला नाही."