नवरीनेच लावलेलं लग्न
कॅनडातल्या व्हिटबीच्या हॉलमध्ये पाहुणे जमले होते, तेवढ्यात लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांचा फोन आला, "स्नोस्टॉर्ममुळे हायवे क्लोज झालाय, मी पोहोचत नाही." नवरदेव कपिलने वेबसाइटवरून विवाहविधीची फाइल डाउनलोड केली. ती उघडली, पण फॉन्ट नसल्यामुळे गाथांच्या जागी नुसते चौकोन दिसले. दुसरी फाइलही तशीच निघाली. "लग्न पोस्टपोन करूया," त्याचे काका म्हणाले. "माझ्या आईबाबांची नागपूरची फ्लाइट उद्या आहे," नवरी कल्याणी म्हणाली. तिने कपिलचा फोन बाजूला ठेवला. "विहारात म्हणून म्हणून मला गाथा पाठ आहेत. आपलं लग्न मीच लावते." "नवरीनेच?" काकांनी विचारलं. "हो काका. तुम्ही मेणबत्ती पेटवा." तिने हात जोडून स्पष्ट आवाजात त्रिसरण सुरू केलं. दुसऱ्या ओळीला अख्खा हॉल सामील झाला. कपिल तिच्याकडेच बघत राहिला. "म्हण ना!" ती हसली.