स्विच बंद होता

"मायक्रोवेव्हची वीज बंद केली तरी त्याच्या कपॅसिटरमध्ये चार्ज साठून राहतो. चुकून हात लागला तर माणूस दगावतो," असं प्रयोगशाळेत सरांनी सांगितलं, आणि मृणाल तडक घरी आली.

बाबा मायक्रोवेव्ह दुरुस्त करताना गेले, तेव्हा आईनंच नकळत बटण दाबलं असं आजी येता-जाता म्हणे आणि आई मुकाट ऐकून घेई.

"आई, तुझा काहीच दोष नव्हता गं. बटण बंद असूनही असं होतं. आजीला आजच सांगते."

फुलवात वळणारे आईचे हात थांबले.

"नको सांगूस. स्क्रूड्रायव्हर टेकवून चार्ज उतरवल्याशिवाय तुझे बाबा कधीच आत हात घालत नसत. त्या दिवशी स्क्रूड्रायव्हर न टेकवताच हत्यारांच्या पेटीत ठेवला, आणि मग हात घातला."

"म्हणजे मुद्दाम?"

"आजीला दूषण द्यायला निदान मी आहे. हे कळलं, तर म्हातारीनं कुणाला दूषण द्यायचं?"