टाइमप्लीज

ताटातली कुंकवाची वाटी किणकिणली, आणि उखाणा ऐकायला गप्प झालेल्या बायकांनी माझ्या थरथरत्या हातांकडे पाहिलं. नणंदेचं डोहाळजेवण होतं आणि ओटी मलाच भरायची होती. मागे एका बारशात छाती अशीच धडधडली, तेव्हा मी पळून आले होते. त्यानंतर डॉक्टर, गोळ्या आणि स्वतःला घरात कोंडून घेणं.

“नवऱ्याचं नाव विसरलीस की काय गं?” मामेसासूबाईंनी विचारलं. हशा पिकला.

दार समोरच होतं. आता पळाले असते, तर पुन्हा माणसांत येणं कठीण झालं असतं. माझी पाच वर्षांची लेक पकडापकडीत दमली की जे करते, तेच मी केलं. मूठ ओठांना लावून म्हणाले, “टाइमप्लीज!”

बायका पुन्हा हसल्या. मी हसू दिलं. हात स्थिरावेपर्यंत सावकाश श्वास घेतले आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

“ओटीत घालते नारळ, तांदूळ आणि खण,
शंतनूचं नाव घेते, थोडं थांबून पण!”

टाळ्या पडल्या. लेकीने पदर ओढला.

“आई, राज्य कुणावर होतं? तुला पकडायला कोण येत होतं गं?”