कुटुंबप्रमुख

“संमतीच्या चौकोनात ही खूण कोणी केली?” वकीलबाईंनी फॉर्मवर पेन टेकवत विचारलं.

“ती आमच्याकडे आधीच केलेली असते. गिऱ्हाइकाला तेवढाच त्रास कमी,” मी म्हणाले. औषधांचं दुकान ऑनलाइन नेलं तेव्हा ‘एक घर, एक खातं’ ही योजना मीच काढली होती. घरातल्या कोणीही औषध मागवलं की पॉइंट एकत्र जमायचे आणि मेसेज कुटुंबप्रमुखाच्या मोबाइलवर जायचा. मला त्या कल्पनेचं भारी कौतुक होतं.

दुकानाच्या पत्त्यावर आलेलं पत्र वकीलबाईंनी मोठ्यानं वाचलं. एका सुनेनं लिहिलं होतं, ‘काल जेवताना सासऱ्यांनी तुमचा मेसेज सगळ्यांना वाचून दाखवला. “अभिनंदन! गर्भनिरोधक गोळ्यांच्या खरेदीवर तुम्हाला वीस पॉइंट मिळाले.” सासूबाई दोन वर्षं नातवासाठी सोमवार धरतात. मला विचारलं होतं का तुम्ही? कृपा करून उत्तर घरी पाठवू नका.’

मी पत्र त्यांच्या हातातून घेतलं. “केस होईल का हो?”

“खूण तिनं केलेली नाही, म्हणजे तिची संमतीच नाही. पण केसचं नंतर बघू. आधी त्या पोरीला फोन लावा आणि माफी मागा.”

मी घाईघाईनं खातं उघडलं. घरातल्या पाच जणांची नावं होती, त्यात तिचंही होतं. नंबर मात्र एकच होता, कुटुंबप्रमुखाचा.